वरणगावची लंडनवाली

गेल्या वर्षी जयंतीला वरणगावच्या चौकात जो फ्लेक्स लागला, त्यावर तोंड मृणालीचं होतं, पण हात तिचे नव्हते. कुठल्यातरी परदेशी पोरीच्या काळ्या कोटावर फ्लेक्सवाल्या खाजाभाईने हिचं तोंड चिकटवलं होतं आणि कोटाच्या बाह्यांतून गोरेपान हात बाहेर आले होते. मागे लंडनचा तो घड्याळाचा मनोरा, वर बाबासाहेबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांची दाटीवाटी, आणि मधोमध ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं: 'कु. मृणाली देवचंद तायडे हिची लंडन येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

निवड! कसली निवड न् कसलं काय. नुसता अर्ज गेला होता. अर्ज काय, कोणीही करतो. पण आपल्याकडे फ्लेक्स एकदा चौकात चढला की ते खरंच असतं. निकाल लागायच्या आधी उमेदवारांच्या विजयाचे फ्लेक्स छापून तयार असतात, तिथं एका पोरीच्या ॲडमिशनची काय कथा!

आता ही मृणाली कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. वरणगावच्या फॅक्टरीत तीस-एक वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या देवचंद तायड्यांची ही एकुलती एक मुलगी. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकली, चांगली शिकली. तिला वेड होतं केळीवरच्या करप्याचं. हसू नका. आईचं, म्हणजे लिलाबाईंचं माहेर सावद्याकडचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडं गेली की ही पोर केळीच्या बागांत फिरायची आणि पानांवरचे ते तपकिरी ठिपके बघत बसायची. बागवाले रोगट पानं कापायचे, बांधावर नेऊन जाळायचे, फवारायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हे असं का होतं, याचं उत्तर शोधायचं तिनं तेव्हाच मनाशी धरलं होतं. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, जर्मनीत बॉनला जा, तिथं या कामाची चांगली सोय आहे. तिनं तिथल्या एका प्राध्यापक बाईंना पत्र लिहिलं. बाईंचं चार ओळींचं उत्तर आलं, तर ही पोर ते आठवडाभर मोबाईलवर उघडून उघडून वाचत होती.

तर देश ठरलेला होता. पण ठरवला होता तिनं एकटीनं, आणि एकटीनं ठरवलेलं आमच्याकडे ठरत नाही.

या वस्तीत रविवारी विहारात वंदना झाली की लगेच कोणी उठत नाही. कोणाच्या पोराला कुठल्या शाळेत घालायचं, कोणाच्या मुलीचं कुठं जमवायचं, नळाच्या पाण्यासाठी कोणाला भेटायचं, सगळं तिथं सतरंजीवरच ठरतं. चांगली रीत आहे, मी वाईट म्हणणार नाही. या सतरंजीनं कितीतरी पोरांची शाळा सुटता सुटता वाचवली आहे. पण त्या रविवारी सतरंजीवर मृणालीचा देश आला.

"देवचंदभाऊ, पोरीला कोणत्या देशात धाडता?" पितांबरने विचारलं. पितांबर म्हणजे जयंती समितीचा अध्यक्ष. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि दोन्हींना ब्रेक नाही.

झालं! देश पडायला लागले सतरंजीवर. अमेरिका नको, तिथं व्हिसाची कटकट. कॅनडा नको, तिथं भुसावळची पोरं डिग्र्या घेऊन सामान उचलतात. ऑस्ट्रेलिया फार लांब. कोणीतरी रशिया म्हणालं, तर दुसरा म्हणाला, तिथं लढाई चालू आहे ना बाबा. मृणाली मागे बायकांत बसली होती. ती म्हणाली, "मला जर्मनीला जायचंय. बॉनला."

"जर्मनी?" पितांबर म्हणाला. "अगं, तिथली भाषा तरी येते का? आणि आपलं काय आहे तिथं? मी सांगतो, लंडन! बाबासाहेब कुठं शिकले? लंडनला. विषय संपला."

टाळ्या पडल्या. मृणाली उभी राहिली. तिला वाटलं, आपल्याकडे हुकमाचं पान आहे. "काका, बाबासाहेब बॉनलासुद्धा गेले होते. लंडनला शिकत असतानाच तिथल्या विद्यापीठात त्यांनी नाव घातलं होतं. त्यांना जर्मन यायची."

काही म्हाताऱ्या माना हलवायला लागल्या. पण पितांबर कसला गप्प बसतो! "असेल, असेल. पण ते लोकांना माहीत आहे का? लंडन म्हटलं की शेंबडं पोरगंही समजतं. बॉन म्हटल्यावर आधी नकाशा काढावा लागेल. काय देवचंदभाऊ?"

आणि सगळ्यांनी देवचंदकडे पाहिलं. इथंच घात झाला. देवचंदला जन्मात कोणी काही विचारलं नव्हतं. फॅक्टरीत शिफ्ट कोणती ते साहेब सांगायचा, क्वार्टर कोणतं ते ऑफिस सांगायचं, निवृत्तीनंतर घर कुठं बांधायचं ते थोरल्या भावानं सांगितलं. आज सगळा विहार मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो म्हणाला, "लंडनच."

लंडनमध्ये करप्याचा अभ्यास नव्हता. मृणालीनं घरी येऊन सांगितलं, रडून सांगितलं. देवचंद म्हणाला, "मग दुसरा कुठला अभ्यास असेल की. एवढं मोठं शहर आहे." शेवटी तिनं दोन्हीकडे अर्ज केले. बॉनला आपल्या मनानं, आणि लंडनला पप्पांच्या मनानं, पर्यावरणाच्या धोरणाबिरणाचा कुठलातरी कोर्स शोधून. तिला वाटलं, जिथलं आधी येईल तिथं जाऊ, पप्पा काय, समजून घेतील. भोळी पोर! अजून फ्लेक्स यायचा होता.

फ्लेक्सच्या वेळी खाजाभाईने विचारलं होतं बरं का. भुसावळात त्याचं दुकान. पितांबर आणि देवचंद दोघं फोटो घेऊन गेले, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, पक्कं झालंय ना? मागाहून खोडता येत नाही. नुसतं शुभेच्छा टाकू का?" पितांबरने देवचंदकडे पाहिलं. देवचंद म्हणाला, "पक्कंच समज." त्या दोन शब्दांनी काय करून ठेवलं!

मग काय विचारता. चौकात चहा प्यायला गेला की देवचंदला बसायला खुर्ची. लग्नाला गेला की पुढच्या रांगेत. "लंडनवाल्या पोरीचे वडील" अशी ओळख. शाळेनं सत्कार केला, पतपेढीनं केला, महिला मंडळानं केला. शाली तर इतक्या झाल्या की लिलाबाईंनी दिवाण भरला. मृणाली प्रत्येक सत्कारात मान खाली घालून बसायची आणि लोक म्हणायचे, बघा, एवढी हुशार पण किती साधी! ती मेल्याहून मेल्यासारखी व्हायची ते कोणाला दिसणार?

मे महिन्यात बॉनचं पत्र आलं. घेतलंय म्हणून. मृणाली अंगणात धावत आली, आईच्या गळ्यात पडली. लिलाबाईंनी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. देवचंद पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, आणि म्हणाला, "छान झालं. बाजूला ठेव. लंडनचं येऊ दे."

"पप्पा, यांना महिन्यात कळवावं लागतं. आणि व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याची रक्कम आधी तिकडच्या खात्यात भरावी लागते. तुम्हाला बँकेत येऊन सही करावी लागेल."

"उद्या जाऊ."

उद्या बँकेला सुट्टी होती. परवा देवचंदचं डोकं दुखत होतं. मग कोणाचं तरी लग्न, मग कोणाची मयत. नाही म्हणाला असता तर ती भांडली तरी असती. नाही तो कधीच म्हणाला नाही. रोज "उद्या जाऊ" म्हणायचा, आणि रोज विचारायचा, "लंडनचं काही आलं का गं?" एकदा लिलाबाई चिडल्या, "अहो, पोर जिथं म्हणते तिथं जाऊ द्या ना! तुम्हाला जायचंय का लंडनला?" तर तो म्हणाला, "लोक काय म्हणतील? लंडननं घेतलं नाही म्हणून जर्मनीला गेली म्हणतील. फ्लेक्स अजून उतरलेला नाही." बॉनवाल्यांनी एकदा आठवण पाठवली. मग तारीख गेली. मग काहीच आलं नाही.

आणि जुलैत लंडनचं आलं. दिलगिरी होती. तुमचं आधीचं शिक्षण आमच्या विषयाशी जुळत नाही, असं दोन ओळींत लिहिलं होतं. खरंच होतं की ते! शेतकी शिकलेल्या पोरीनं तिकडं कशाला जायचं होतं, हे लंडनवाल्यांना कळलं आणि वरणगावला नाही.

मृणाली म्हणाली, "मी रविवारी विहारात जाऊन सांगते सगळ्यांना." देवचंदनं त्या दिवशी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशीही ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तिच्यासमोर येऊन बसला आणि त्यानं चक्क हात जोडले. बापानं पोरीपुढे हात जोडले हो! "मृणाली, आयुष्यात पहिल्यांदा मला लोक विचारतात गं. एवढं काढून घेऊ नको. जानेवारीत लंडनला पुन्हा ॲडमिशन असतात, मी चौकशी केलीय. जानेवारीत तू जाणारच आहेस. तोवर चार महिने धुळ्याला मामाकडे राहा. इथं सांगू, गेली म्हणून."

मला विचाराल तर तिनं तिथंच ताडकन उठायला हवं होतं. पण हात जोडलेला बाप समोर बसलेला असताना कोण उठतं? ती म्हणाली, "चारच महिने."

सप्टेंबरात तिला भुसावळ स्टेशनवर पोचवायला अर्धी वस्ती आली. डफडं होतं, निळे झेंडे होते, हार तर इतके की तिचं नाक तेवढं दिसत होतं. पितांबरने फलाटावरच्या बाकावर उभं राहून भाषण ठोकलं. म्हाताऱ्या बायकांनी तिच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. झुंबरबाई म्हणून एक आजी होत्या, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदलेल्या. त्यांनी कनवटीची एक सुपारी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "माय, तिकडं मळमळलं तर चघळजो." मृणालीला हुंदका आला. लोकांना वाटलं, देश सुटतोय म्हणून रडते.

देवचंद मुंबईपर्यंत सोडायला म्हणून बरोबर होता. पाचोरा गेल्यावर मृणालीनं हार काढले आणि खिडकीतून टाकायला निघाली, तर त्यानं हात धरला. "फेकू नको. माणसांनी प्रेमानं घातलेत." त्यानं ते हार पिशवीत घडी करून भरले. चाळीसगाव आलं. मुंबईची गाडी दोन मिनिटं थांबते तिथं. बाप-लेक भलीमोठी नवी बॅग घेऊन उतरले आणि धुळ्याच्या गाडीची वाट बघत बसले. देवचंद भजी घेऊन आला. मृणालीनं बघितलं, त्याच्या तोंडावर लाज नव्हती, काळजी होती. कोणी ओळखीचं तर दिसत नाही ना, म्हणून तो सारखा इकडं तिकडं बघत होता. हा माणूस खरंच मला लंडनला पोचवतोय असं समजतो की काय, असं तिच्या मनात आलं, आणि तिला बापाची भीती वाटली.

धुळ्यात देवपूरला दीपकमामाचं घर. मागची खोली तिला दिली. ज्या धुळ्यात ती चार वर्षं मोकळ्या तोंडानं फिरली, तिथं आता बाहेर पडायचं तर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधून. धुळ्याच्या उन्हात सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात म्हणून निभावलं. कॉलेजकडे जायचं नाही, बसस्टँडकडे जायचं नाही, वरणगावच्या कोणाचं इकडं लग्न निघालं तर आठवडाभर घराबाहेर पाय काढायचा नाही. दुसऱ्या कोणाचा फोन घ्यायचा नाही असं देवचंदनं सांगून ठेवलं होतं, म्हणून फोन फक्त आईचा आणि पप्पांचा. देवचंद मोबाईलच्या स्टेटसवर लंडनचे पूल टाकायचा. खाली लिहायचा, 'माझ्या मुलीचं शहर.'

कुंदामामी पक्की साक्रीकडची, अहिराणी बोलणारी. तिला हे मुळीच पटलेलं नव्हतं. एकदा मृणाली बाहेर जायला स्कार्फ बांधत होती, तर तिनं समोर येऊन विचारलं, "तोंड ते चोर झाकस. तू कसाले झाकस माय?" मृणालीनं स्कार्फ सोडून खुंटीला अडकवला. ती त्या दिवशी बाहेर गेलीच नाही.

जानेवारीचं लंडन म्हणजे दुसरं कॉलेज. तिथं मुलाखत होती, मोबाईलवरच. समोरच्या बाईंनी विचारलं, हाच विषय तुम्हाला का शिकायचाय? मृणाली बोलायला गेली आणि तिच्या तोंडून केळी निघाली, करपा निघाला, सावद्याच्या बांधावर जळणारी पानं निघाली. बाई कौतुकानं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, तुम्ही चुकीच्या ठिकाणी अर्ज केलाय असं वाटत नाही का तुम्हाला? मृणाली म्हणाली, वाटतं. संपलं ते लंडन.

चार महिन्यांचे सहा झाले. पण त्याच दिवसांत तिनं कोणाला न विचारता बॉनला पुन्हा अर्ज केला होता. आणि बघा, तिथल्या लोकांनी पुन्हा घेतलं तिला! मार्चअखेर पत्र आलं. तिनं बापाला फोन लावला. "पप्पा, बॉननं पुन्हा घेतलंय. तुम्ही फक्त बँकेत या. आता तरी या."

देवचंद म्हणाला, "अगं, पण तू तर लंडनला आहेस."

"पप्पा!"

"तसं नाही. लोक विचारतील ना, लंडन अर्धवट टाकून जर्मनीला काहून गेली? काय सांगू मी? वर्ष तरी पूर्ण होऊ दे. मग लंडनचं शिक्षण संपवून जर्मनीला गेली असं सांगता येईल. आपण उद्या बोलू."

उद्या. पुन्हा तेच उद्या. तिनं फोन ठेवला आणि तिला कळून चुकलं की हा माणूस थापा मारत नाही, हा त्यातच राहतो. जोपर्यंत ती लंडनला आहे तोपर्यंत ती कुठंच जाऊ शकणार नव्हती. बॉनला जायचं तर आधी लंडनहून परत यायला हवं होतं, आणि तो रस्ता वरणगावच्या चौकातून जात होता.

एप्रिल आला. जयंती आली. पितांबरच्या डोक्यात नवीन टूम निघाली: विहारात मोठा पडदा लावायचा आणि लंडनहून मृणालीला थेट बोलवायचं, पोरांना प्रेरणा मिळेल. देवचंदनं नाही म्हणावं की नाही? छे! त्यानं वेळ ठरवली. सकाळी अकरा. त्यानं मृणालीला फोन करून सगळं समजावलं. "तिकडं तेव्हा पहाटेचे साडेसहा असतात. पडदे लाव, दिवा लाव. अंगात स्वेटर घाल. पाच मिनिटं बोल, आणि पाऊस पडतोय म्हण."

तर एप्रिलातलं धुळं, अंगाची लाही लाही होतेय, आणि त्या मागच्या खोलीत पडदे ओढून, दिवा लावून, लोकरीचा स्वेटर घालून ही पोर लॅपटॉपसमोर बसली. पंख्याचा आवाज येतो म्हणून मामानं पंखाही बंद केला. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. पडद्यावर विहार दिसला. सगळी वस्ती. पुढच्या रांगेत खुर्चीवर पांढऱ्याशुभ्र शर्टात देवचंद. बाजूला लिलाबाई, पदर तोंडाशी धरलेल्या. मागे सतरंजीवर झुंबरबाई, पडद्यावरच्या मृणालीला जवळून बघायला मान पुढे काढून.

"जय भीम!" सगळे एकदम म्हणाले. ती जय भीम म्हणाली. पितांबर गहिवरून काहीतरी बोलला. मग त्यानं आपल्या चौथीतल्या मुलीला, सुजाताला, पुढे आणलं. पोरगी नवा फ्रॉक घालून आली होती, तिनं पाठ केलेलं बोलून दाखवलं, "ताई, मी पण तुझ्यासारखी मोठी होणार. मी लंडनलाच जाणार. दुसरा कोणता देश दिला तरी मी घेणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुजाता टाळ्या थांबेपर्यंत थांबली. मग पाठ नसलेलं, मनातलं विचारलं, "ताई, तिकडं आत्ता किती वाजले?"

साडेसहा. तोंडात तयार होतं. मृणालीनं त्या पोरीकडे पाहिलं. दुसरा कोणता देश दिला तरी घेणार नाही! नऊ वर्षांच्या पोरीचा देश ठरला होता, आणि तो मृणालीच्या तोंडाकडे बघून ठरला होता. त्या फ्लेक्सवरच्या तोंडाकडे बघून.

"अकरा," ती म्हणाली.

"म्हणजे आपल्याइतकेच?"

"आपल्याइतकेच. सुजाता, मी लंडनला नाही. मी धुळ्यात आहे. मामाकडे." तिनं बसल्या बसल्या स्वेटर डोक्यावरून काढून टाकला. उठून पडदा सर्रकन ओढला, तर देवपूरचं ऊन भसकन आत आलं. "मी लंडनला गेलेच नाही. त्यांनी मला घेतलंच नव्हतं. मला बॉननं घेतलं होतं. दोनदा घेतलं."

सुजाता म्हणाली, "मग घरी का नाही आली?"

त्याचं उत्तर मृणाली देणार तेवढ्यात देवचंद खुर्चीवरून उठला. त्याचा चेहरा पडद्यावर मोठा मोठा होत आला, मग नुसता शर्टच दिसला, आणि त्याचा आवाज ऐकू आला, "नेट गेलं. नेट गेलं तिकडचं. तिकडं पाऊस आहे ना." आणि विहारातला लॅपटॉप मिटल्याचा आवाज झाला.

दीपकमामा दारात उभा होता. तो कपाळाला हात लावून खाली बसला. कुंदामामी मात्र आत आली, तिनं पंखा लावला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "बरं करं पोर," ती म्हणाली. "आते मोकळी व्हयनी तू."

दुसऱ्या दिवशी मृणाली सकाळच्या एसटीत बसली. स्कार्फ मामीकडेच ठेवून आली. धुळं, जळगाव, भुसावळ, आणि भर दुपारी वरणगाव. ती बॅग ओढत चौकातून निघाली. चौकात यंदाच्या जयंतीचे नवे फ्लेक्स होते. तिचा जुना फ्लेक्स रसवंतीवाल्याने नेऊन उसाच्या मोळ्यांवर टाकला होता. उन्हानं तोंड पार उडालेलं, गोरे हात तेवढे शाबूत. चहाच्या टपरीवर चार माणसं होती. त्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही, कोणी हाक मारली नाही. एकानं तर तिला ओशाळायला नको म्हणून मान वळवली. झुंबरबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "आली का माय? उन्हाची आली." आणि मृणालीला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आपण कुठंतरी आलोय.

लोकांनी काय केलं असतं? काही नाही. चार दिवस कुजबुजले असते आणि विसरले असते. एवढ्यासाठी पोरीचं एक वर्ष गेलं.

घराचं दार उघडं होतं. लिलाबाई धावत आल्या, त्यांनी तिला पोटाशी धरलं. मागून देवचंद आला. कालचाच पांढरा शर्ट अंगात होता. तो एका रात्रीत म्हातारा दिसायला लागला होता. सगळ्या वाटेनं घोकत आलेलं एकच वाक्य मृणालीनं म्हटलं, "पप्पा, बँक चार वाजेपर्यंत असते. आजच चला. पाया पडते तुमच्या."

देवचंदनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं दारातून मान बाहेर काढून गल्लीत एकदा या टोकाला पाहिलं, एकदा त्या टोकाला पाहिलं. मग घाईघाईनं तिची बॅग आत ओढून घेतली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "यायचंच होतं, तर अंधार पडल्यावर तरी यायचं गं."